पावसातील सुरक्षित अंतर (मराठवाड्यातील महामार्ग)

मुसळधार पावसात पुढच्या वाहनाने अचानक वेग कमी केला किंवा ते ब्रेक लावून थांबले, तरी त्याला न धडकता आपले वाहन आवरता यावे म्हणून दोघांमध्ये राखलेली मोकळी जागा म्हणजे पावसातील सुरक्षित अंतर. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर ‘सुरक्षित अंतर ठेवा’ असे रंगवलेले असते. किती, ते तिथे नसते आणि लिहिताही येणार नाही, कारण हे अंतर वेगाप्रमाणे बदलते. म्हणून ते मीटरऐवजी सेकंदांत मोजतात : कोरड्या रस्त्यावर किमान दोन सेकंद, ओल्या रस्त्यावर किमान चार. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्येही ओल्या रस्त्यावर हे अंतर दुप्पट करायला सांगितले आहे.

मोजण्याची रीत सोपी आहे. पुढच्या गाडीचे मागचे चाक किलोमीटरचा दगड, दिशाफलकाचा खांब किंवा पुलाच्या कठड्याचे टोक ओलांडेल त्या क्षणी ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे नेहमीच्या बोलण्याच्या गतीने म्हणायला लागायचे. प्रत्येक शब्दगटाला साधारण एक सेकंद जातो. ‘एक हजार चार’ पुरे होण्याआधी आपण त्या खुणेपाशी पोचलो, तर अंतर कमी आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांचे जवळजवळ 90 मीटर होतात. 100च्या वेगाला 110 मीटर. धावत्या गाडीतून, काचेवर पाणी असताना, 90 मीटर नजरेने मोजणे सरावलेल्या चालकालाही जमत नाही. चार आकडे मोजणे मात्र पहिल्यांदा स्टिअरिंग धरणाऱ्यालाही जमते.

गाडी थांबण्याचे दोन भाग असतात : धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गेलेले अंतर आणि ब्रेक लागल्यापासून चाके थांबेपर्यंतचे अंतर. पहिला भाग वेगाच्या प्रमाणात वाढतो, दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. रस्ता ओला झाला की टायरची पकड घटते आणि हा दुसरा भाग लांबतो. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकांत रस्त्याची आखणी करताना थांबण्यासाठी ताशी 40च्या वेगाला 45 मीटर, 80ला 120 आणि 100ला 180 मीटर मोकळी नजर धरतात. एबीएसमुळे चाके जाम होत नाहीत आणि गाडी वळवता येते, पण ओल्या रस्त्याची गेलेली पकड त्यामुळे परत येत नाही.

या आकड्यांवरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. चार सेकंद पुरतात, कारण पुढची गाडीही ब्रेक लावत लावत थांबते आणि तेवढी जागा आपल्याला मिळते. तीच गाडी रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकवर आदळून जागीच थांबली, तर 80च्या वेगाला 90 मीटर अपुरे पडतात. म्हणून या नियमाला दुसऱ्याची जोड हवीच : जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे. धो-धो पावसात समोरचे 50 मीटरच दिसत असतील, तर वेग 40च्या आसपास हवा. जर्मनीत पाऊस, धुके किंवा बर्फामुळे 50 मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर ताशी 50ची कमाल मर्यादा कायद्यानेच लागू होते. फ्रान्समध्ये पावसात द्रुतगती मार्गावरची 130ची मर्यादा 110 होते. आपल्याकडे 2018च्या केंद्रीय अधिसूचनेने द्रुतगती मार्गावर कारला 120 आणि मालवाहू वाहनांना 80 अशी मर्यादा दिली. ती कोरड्या दिवसाची मर्यादा आहे असेच समजून चालावे.

पाण्यावर तरंगणे. टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. पाणी जास्त, वेग जास्त किंवा खाचा झिजलेल्या असतील, तर पाणी सारले जात नाही आणि टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर चढतो. नासाचे संशोधक वॉल्टर हॉर्न यांनी 1960च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून दाखवले, की हे कोणत्या वेगाला घडेल ते मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरते. त्यांच्या सूत्राने साचलेल्या पाण्यात हवा 32 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असेल तर साधारण ताशी 94 किलोमीटरला चाक तरंगते. हवा 24वर आली असेल तर 82लाच. भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये याच्या तिपटीहून अधिक दाब असतो, त्यामुळे त्याची चाके पाणी कापत जातात. ‘एवढा मोठा ट्रक नव्वदने चाललाय, मग आपल्याला काय होतंय’ हा हिशेब इथेच फसतो. ट्रकचे चाक रस्त्यावर असते तेव्हा मागच्या कारचे चाक पाण्यावर असू शकते. त्या क्षणी स्टिअरिंग एकदम हलके लागते, खालून येणारा पाण्याचा आवाज बदलतो, इंजिनचे फेरे वाढतात. करण्यासारखे एवढेच : ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचलणे, स्टिअरिंग सरळ धरून ठेवणे, ब्रेक दाबून न धरणे. हे सगळे करायला जागा लागते, आणि ती आधी सोडलेली असेल तरच मिळते. मोटारीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर असावी असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. गोटा झालेल्या टायरवर चार सेकंदही पुरत नाहीत.

मराठवाड्यातील परिस्थिती. मराठवाड्यात पाऊस कोकणाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते धोक्याचे मूळ नेमके इथे आहे. कोकणातला चालक चार महिने ओल्या रस्त्यावर असतो, त्याचा पाय आपोआप हलका पडतो. इकडे आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस उघाड असते. तेवढ्यात रस्त्यावर धूळ, डिझेल-ऑइलचे थेंब आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती बसते. मग दुपारून एकदम सर येते आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत या सगळ्याचा बुळबुळीत लेप होतो. चालकाचे अंतर मात्र कोरड्या रस्त्याचेच असते. जोराचा पाऊस बहुधा उत्तरा-हस्ताचा. 2025च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरसह सगळ्या विभागाने अतिवृष्टी आणि पूर पाहिला. याच दिवसांत नवरात्रात आणि पुढे कोजागरीला तुळजापूरची वाट पायी भक्तांनी भरलेली असते, रात्री-अपरात्रीसुद्धा.

रस्त्यांचे स्वभावही वेगळे आहेत. सोलापूर-धाराशिव-बीड-छत्रपती संभाजीनगर-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग 52 आणि परभणी-नांदेडकडे जाणारा 61 यांवर दुचाकी, ट्रॅक्टर, गुरे, एसटी असे सगळे एकत्र चालते. पाऊस सुरू झाला की दुचाकीवाले उड्डाणपुलाखाली थांबतात. आधी कडेला दोघे-तिघे, मग पंधरा-वीस, आणि शेवटी अर्धी लेन मोटारसायकलींनी भरते. कुणी रेनकोट चढवत असतो, कुणी मूल कडेवर घेऊन उभी असते. पुलाखाली अंधार असतो, बाहेर पाण्याचा पडदा. पुढच्या गाडीने तिथे ब्रेक लावला, की चिकटून येणाऱ्याला तो का लावला हे कळायलाच एक सेकंद जातो.

समृद्धी महामार्ग याच्या उलट आहे. 701 किलोमीटरचा हा मार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी आणि शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. इथे दुचाकीला बंदी आहे, रस्ता सरळ, समोर अडथळा नाही. त्यामुळे डोळा आणि पाय दोन्ही सुस्तावतात. कार 120ने आणि ट्रक 80ने असेल, तर दर सेकंदाला कार ट्रकच्या 11 मीटर जवळ येते. पावसात ट्रकचा मागचा दिवा 100 मीटरवरून दिसला, तर हातात नऊ सेकंद उरतात. दिवा चिखलाने माखलेला असेल तर तेवढेही नाहीत. क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप एकसारखा राखणारी सोय) पावसात बंदच ठेवावे.

धाराशिवकडून बीडला येताना मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. उतारावर गाडीचे वजनच तिला पुढे ढकलते, म्हणून तिथे चाराचे पाच-सहा सेकंद करावेत आणि गिअर खालचा ठेवावा. पुढे ट्रक असेल तर त्याच्या चाकांचा गढूळ फवारा थेट काचेवर येतो आणि वायपर कितीही जोरात फिरले तरी दोन फटकाऱ्यांच्या मधे काच आंधळी होते. मागे हटले की फवारा काचेपर्यंत पोचत नाही, आणि त्याच ट्रकच्या चाकांनी पाणी बाजूला सारून केलेल्या पट्ट्यांवरून आपली चाके नेता येतात.

आक्षेप आणि हिशेब. अंतर सोडले की कुणीतरी मधे घुसते, ही चालकांची खरी तक्रार आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण किती नुकसान होते ते मोजून पाहावे. छत्रपती संभाजीनगर ते बीड सुमारे 130 किलोमीटर. वाटेत वीस गाड्या मधे घुसल्या आणि प्रत्येक वेळी आपण थोडे मागे हटून पुन्हा चार सेकंद केले, तर एका गाडीमागे फार तर चार सेकंद जातात. एकूण 80 सेकंद, दीड मिनिटसुद्धा नाही. एवढ्यासाठी मुलेबाळे बसलेली गाडी कुणाच्या बंपरला चिकटवू नये. मागून कुणी डिपर देत असेल तर त्याला जाऊ द्यावे. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नयेत. त्याने आपण कोणत्या बाजूला वळणार ते मागच्याला कळत नाही. हेडलाइट लो बीमवर पुरतात.

कायद्यात 1989च्या रस्ता नियमांच्या 23व्या नियमाने पुढचे वाहन अचानक थांबले तरी धडक टळेल इतके पुरेसे अंतर ठेवण्याची जबाबदारी मागच्या चालकावर टाकली होती. 2017मध्ये त्या नियमांच्या जागी नवी नियमावली आली.

पाऊस थांबला, ऊन पडले, की गाड्या लगेच वेग घेतात. रस्ता तेव्हा वाळलेला नसतो. सखल भागात आणि दुभाजकाच्या कडेला पाणी असते, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने चिखलाची राड आणलेली असते. पाण्यातून गाडी गेली असेल तर ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबून सुकवून घ्यावेत. खूण पुढच्या गाडीची चाके देतात : त्यांच्यामागे तुषार उडताना दिसताहेत तोवर मोजणी चारपर्यंतच चालू ठेवावी.