ठाणे खाडीकाठचे प्रकाशचित्रण

ठाणे आणि नवी मुंबईलगतच्या खाडीच्या दोन्ही काठांवर, फ्लॅश वा दिवे न वापरता, केवळ उगवत्या-मावळत्या उन्हात आणि संधिप्रकाशात केले जाणारे छायाचित्रण. या किनाऱ्याला वाळू नाही, फुटणाऱ्या लाटाही नाहीत. आहे तो चिखल, तिवरांची रांग आणि दिवसातून दोनदा येऊन जाणारे संथ पाणी. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावर शिकलेले बरेच आडाखे इथे उपयोगी पडत नाहीत.

सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी ढोबळमानाने उत्तर-दक्षिण पसरली आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याकडून किंवा कोपरीकडून पाहिले, तर पाण्यापलीकडे पूर्व येते. सूर्य पारसिकच्या डोंगरामागून वर येईतो आकाशातला तांबडा रंग ओसरू लागलेला असतो, आणि पाण्यावर पडणारे पहिले ऊन पिवळसर असते. वाशीच्या काठावर उलटे आहे. तिथे सूर्य पाण्यापलीकडे मावळतो. सागर विहारवरून डिसेंबरात तो मानखुर्द-ट्रॉम्बेच्या अंगाला टेकतो, जूनमध्ये विक्रोळी-कांजूरच्या. १९ अंश उत्तर अक्षांशावर या दोन टोकांत जवळपास ५० अंशांचे अंतर पडते, म्हणून थंडीत हेरून ठेवलेली जागा मे महिन्यात पुन्हा तपासावी लागते.

घड्याळाइतकीच इथे तिथी पाहावी लागते. कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी : तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्याचाच हा तोंडी हिशेब. तो ढोबळ आहे, शिवाय खाडीच्या आतल्या टोकाला पाणी उशिरा पोहोचते. नेमक्या वेळेसाठी भरतीचा तक्ता हवाच. पण महिनाभराचा बेत आखायला एवढे पुरते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या दिवसांत, तिन्हीसांजेला पात्र भरलेले असते, प्रवाहाला ओढ कमी असते आणि वारा पडलेला असेल तर आकाश जसेच्या तसे पाण्यात उतरते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचे पाणी दुपारी आणि मध्यरात्री चढते. संध्याकाळी ते ओसरलेले असते आणि दूरवर गाळ उघडा पडतो.

नवखे लोक हा गाळ पाहून कॅमेरा पिशवीत ठेवतात. खरे तर खाडीतली सर्वांत चांगली चित्रे गाळावरच मिळतात. भरती गेल्यावर त्यावर पाण्याचा एक पातळ थर मागे राहतो, आणि ऊन जितके तिरपे तितका त्यावरून परतणारा उजेड अधिक. ओघळांनी कोरलेल्या वळणदार नाळी, खेकड्यांची बिळे, निवट्यांनी (गाळावर सरपटणाऱ्या माशांनी) काढलेल्या रेघा हे सारे भर दुपारी एकाच राखाडी रंगात बुडालेले असते. उन्हे कलली की प्रत्येक उंचवट्याला सावली फुटते. चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर समुद्रावर उपयोगाचा असला, तरी इथे तो काढून ठेवावा; जे टिपायचे तेच तो पुसून टाकतो.

कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी धरून चालतो. चकाकत्या गाळासमोर तो एक्सपोजर उतरवतो आणि त्यावर उभे असलेले पक्षी काळे पडतात. तपशील हवा असेल तर एक्सपोजर एक-दीड स्टॉपने वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ऑटो व्हाइट बॅलन्सही (रंगछटा आपोआप जुळवणारी सोय) टाळावा, कारण मावळतीचा पिवळेपणा हा दोष समजून तो दुरुस्त करू पाहतो.

क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत जवळपास चाळीसपट हवेतून येतो. निळा भाग वाटेत विखुरतो, तांबडा उरतो. थंडीत जमिनीलगत धूळ आणि धूर साचतात, तेव्हा सूर्यबिंब मावळण्याआधीच निस्तेज लाल होऊन विरते. रंग स्वच्छ हवे असतील तर पाऊस सरतानाचे दिवस निवडावेत. पावसाळ्यात सावल्या नसतात, पण तिवरांच्या धुतलेल्या हिरव्याला ढगाळ उजेडासारखा दुसरा उजेड नाही.

नोव्हेंबर ते मे या काळात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. सुमारे १७ चौरस किलोमीटर खाडी २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या नौकाफेरीची वेळही भरतीवरच ठरते. काठावरून चित्रण करणाऱ्याने गाळात उतरू नये. पाय रुततात, हे एक कारण; त्याहून मोठे कारण म्हणजे तिवरांची वर आलेली श्वसनमुळे तुडवली जातात. थवा उडताना टिपण्यासाठी त्याला उठवणे तर सर्वथा चूक आहे. ओहोटीचे ते थोडे तास त्यांच्या खाण्याचे असतात.

सूर्य बुडाल्यावर या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर आटोपतो. चांगला उजेड वीस-पंचवीस मिनिटे मिळतो. बरेच जण याच वेळी आवराआवर करतात. या वेळी ट्रायपॉड रोवून, लांब शटर ठेवून थांबावे. पश्चिमेचा उरलेला उजेड गाळातल्या नाळींमध्ये रेघेसारखा राहतो आणि वाशीच्या काठावर मागे पामबीच मार्गाचे दिवे लागू लागतात. त्या दिव्यांकडे पाठ करून उभे राहावे.