रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी

श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या (अल्ट्रासाऊंडच्या) साह्याने रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या) व नीला (हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या) यांची रचना आणि त्यांतील रक्ताचा प्रवाह पाहण्याची पद्धत. बोलताना तिला ‘कलर डॉपलर’ किंवा नुसते ‘डॉपलर’ म्हणतात. नेहमीच्या तपासणीत सुई टोचून मूत्रपिंडांवर ताण आणू शकणारे रंगद्रव्य द्यावे लागत नाही, क्ष-किरणही वापरले जात नाहीत. त्यामुळे ती गरोदरपणात किंवा मूत्रपिंडे अधू असतानाही करता येते आणि हवी तेव्हा पुन्हा करता येते.

लहरींचा उगम जवळ येत किंवा दूर जात असेल तर त्यांची वारंवारता बदललेली भासते, हे यामागचे तत्त्व. क्रिस्टियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे ते मांडले ते जोडताऱ्यांच्या (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या) प्रकाशासंबंधी. ओसाकाचे शिगेओ सातोमुरा यांनी १९५०च्या दशकात ते श्राव्यातीत ध्वनीच्या रूपाने हृदय व रक्तवाहिन्यांच्या तपासणीत आणले. पुढे १९७०च्या दशकात सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात यूजीन स्ट्रँडनेस व सहकाऱ्यांनी वाहिनीचे चित्र आणि प्रवाहाचा वेग एकाच यंत्रावर दाखवणारी ‘डुप्लेक्स’ पद्धत विकसित केली.

त्वचेवर जेल लावून प्रोब (लहरी सोडणारा व टिपणारा हातातला भाग) टेकवला की त्यातून निघालेल्या लहरी धावत्या तांबड्या पेशींवर आदळून परततात. पेशी प्रोबकडे येत असतील तर परतणाऱ्या लहरींची वारंवारता वाढते, दूर जात असतील तर घटते. हा फरक बहुधा माणसाला ऐकू येईल इतक्याच वारंवारतेचा असतो, म्हणून यंत्र तो आवाजाच्या रूपात ऐकवते. पायाच्या निरोगी रोहिणीत प्रत्येक ठोक्याला रक्त जोरात पुढे जाते, क्षणभर मागे येते आणि पुन्हा पुढे सरकते. वर कुठे मोठा अडथळा असेल तर ही तीन पावले जाऊन एकच मंद, लांबट लाट उरते. नीलेचा आवाज वाऱ्यासारखा, श्वासाबरोबर चढणारा-उतरणारा असतो. पडद्यावरचा तांबडा म्हणजे रोहिणी आणि निळा म्हणजे नीला, हा समज मात्र चुकीचा आहे. ते रंग प्रवाहाची दिशा दाखवतात.

अरुंद जागेतून रक्त वेगाने धावते, यावरच रोहिणीच्या अरुंदपणाचे निदान उभे आहे. मेंदूकडे जाणाऱ्या अंतर्गत ग्रीवा रोहिणीत कमाल वेग सेकंदाला २३० सेंमी.पेक्षा जास्त आढळला, तर साधारण ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंदी मानतात. पण लहर आणि प्रवाह यांतला कोन ६० अंशांपेक्षा वाढला की वेगाचे गणित फसते. म्हणून तपासणाऱ्याचा हात यंत्राइतकाच महत्त्वाचा.

नीलेतील गुठळी शोधण्याची रीत विलक्षण सोपी आहे. जांघेत प्रोब आडवा धरून हलकेच दाबला की निरोगी नीला पूर्ण मिटते, शेजारची रोहिणी मात्र गोल राहून ठोके देत असते. नीला मिटली नाही, तर आत गुठळी आहे असे समजावे. फुगलेल्या शिरांसाठी रुग्णाला उभे करून पोटरी दाबून सोडतात. वरवरच्या नीलेत रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उलटे वाहिले, तर झडपा निकामी झाल्या आहेत असे ठरते. याखेरीज पोटातील महारोहिणीचा (शरीरातील सर्वांत मोठ्या रोहिणीचा) फुगवटा मोजणे आणि डायलिसिससाठी फिस्टुला (रोहिणी व नीला यांचा शस्त्रक्रियेने केलेला जोड) करण्याआधी हाताच्या वाहिन्या पाहणे हीही नेहमीची कामे.

जोडीला घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ किंवा त्याहून कमी असेल, तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे निदान होते. मधुमेहात इथे हमखास फसगत होऊ शकते: कॅल्शियम साठून कडक झालेली रोहिणी रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा १.४ च्याही वर जातो. पाय रक्तावाचून काळा पडू लागला तरी कागदावरचा आकडा चांगला दिसू शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो, कारण तिथल्या बारीक रोहिण्या सहसा इतक्या कडक होत नाहीत.