ललिता पवार: सासूच्या आधीची नायिका

हिंदी चित्रपटातील खाष्ट सासू म्हटले की आजही ललिता पवार यांचा बारीक झालेला डावा डोळा आणि कपाळावरची आठी नजरेसमोर येते. ही ओळख पक्की होण्यापूर्वी त्या जवळजवळ दीड दशक पडद्यावर वावरत होत्या आणि त्यातला बराच काळ नायिका होत्या, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

18 एप्रिल 1916 रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्यात जन्मलेल्या अंबा सगुण या मुलीने मूकपटांच्या काळात बालकलाकार म्हणून सुरुवात केली. ‘कैलास’ या 1932 च्या मूकपटात त्या नायिका तर होत्याच, शिवाय त्याच्या सहनिर्मात्याही होत्या. 1938 मध्ये त्यांनी ‘दुनिया क्या है’ या बोलपटाची निर्मिती केली. त्यानंतर भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ आणि मास्टर विनायकांचा ‘अमृत’ या चित्रपटांनी मराठी प्रेक्षकांत त्यांचे नाव झाले.

1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार मास्टर भगवान यांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. तो फटका इतका जोरात बसला की त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. दीर्घ उपचारांनंतर चेहरा सावरला, तरी डावा डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेच्या भूमिका मिळणे थांबले. पण या अपघाताने खलनायिका घडवली, असे म्हणणे मला त्यांच्या अभिनयावर अन्याय करणारे वाटते. डोळ्यातल्या व्यंगाने भीती वाटली असेल. पण शब्द चावून बोलण्याची लकब, मान किंचित वळवून समोरच्याला जोखण्याची पद्धत आणि नेमक्या जागी घेतलेला विराम ही त्यांची स्वतःची कमाई होती. 1944 च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’त ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई त्यांनी उभी केली, ती याच बळावर. शांतारामांच्या ‘दहेज’मध्ये, 1950 साली, त्या छळणारी सासू झाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते.

त्याच चेहऱ्यावर माया किती सहज उमटत असे, हे ‘श्री 420’मधल्या केळेवालीने दाखवले आणि 1959 च्या ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाने तर त्याची खात्रीच पटवली. तोंडाने सतत करवादणारी, पण भाडेकरू तरुणावर पोटच्या पोराइतका जीव लावणारी ही घरमालकीण मला त्यांच्या सगळ्या भूमिकांत सरस वाटते. तिच्या रागावण्यातच तिची काळजी ऐकू येते. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि 1961 मध्ये संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

सुमारे सातशे चित्रपट करूनही नव्या पिढीला त्या भेटल्या त्या दूरदर्शनवरच्या ‘रामायण’ मालिकेतील मंथरेच्या रूपात. त्याआधी 1961 च्या ‘संपूर्ण रामायण’ या चित्रपटातही मंथरा त्यांनीच रंगवली होती. 24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यातील औंध येथे त्यांचे निधन झाले.