हवामान रडार प्रतिमा

हवामान रडार प्रतिमा : रडारने सोडलेले सूक्ष्मतरंगांचे स्पंद पावसाचे थेंब, हिमकण, गारा यांवर आदळून विखुरतात. त्यांचा जो अत्यल्प अंश रडारकडे परत येतो, त्याच्या मापनावरून तयार केलेला रंगीत नकाशा. त्याला पावसाचे छायाचित्र समजण्याची चूक सर्रास होते. रडार थेट पाऊस मोजत नाही. परतलेल्या ऊर्जेचे प्रमाण, तिला लागलेला वेळ, तिची कला (तरंगाच्या आवर्तनातील टप्पा) आणि ध्रुवण (तरंगाच्या कंपनाची दिशा) एवढेच ते मोजते. यांपैकी कोणती राशी आकाशाच्या कोणत्या छेदावर दाखवली आहे, त्यावरून प्रतिमेचा प्रकार ठरतो.

पावसाचा प्रतिध्वनी, म्हणजे पावसावरून रडारकडे परतलेली ऊर्जा, प्रथम कोणी व केव्हा पाहिला याविषयी एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धातील गुप्ततेमुळे समकालीन नोंदी त्रोटक आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फेब्रुवारी १९४१ मध्ये १० सेंमी. तरंगलांबीच्या रडारवर एका सरीचा माग काढण्यात आला, ती घटना बहुतेक लेखक पहिली धरतात. असे प्रतिध्वनी १९४० च्या उत्तरार्धातच दिसले असावेत, असेही एक मत आहे. या तरंगलांबीचे सूक्ष्मतरंग निर्माण करण्यास आवश्यक असलेली मॅग्नेट्रॉन नलिका १९४० च्या आरंभी बर्मिंगहॅम येथे सिद्ध झाली होती, त्यामुळे ते अशक्य नाही. तथापि तारखेनिशी आधार पहिल्या मताला आहे.

परावर्तकता प्रतिमा : परतलेल्या ऊर्जेचे प्रमाण, म्हणजे परावर्तकता, दाखवणारा सर्वांत परिचित प्रकार. थेंब तरंगलांबीच्या मानाने पुरेसे लहान असल्यास परतणारी ऊर्जा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. त्यामुळे ३ मिमी. व्यासाचा एक थेंब १ मिमी. व्यासाच्या ७२९ थेंबांइतका प्रतिध्वनी देतो. त्यातले पाणी मात्र २७ थेंबांइतकेच असते. परावर्तकतेवरून पाऊस काढण्यातील बहुतेक अडचणींचे मूळ या तफावतीत आहे. मूल्यांचा पल्ला प्रचंड असल्याने ती डीबीझेड या लॉगरिथमी एककात देतात. दर १० एककांना परावर्तकता दसपट होते.

परावर्तकता आणि पर्जन्यदर यांचा संबंध घातसूत्राने मांडतात : पर्जन्यदराचा ठरावीक घात घेऊन त्याला गुणांकाने गुणले की परावर्तकता येते. गुणांक २०० आणि घातांक १.६ असलेले सूत्र मॉंट्रिऑलच्या मॅगिल विद्यापीठातील जे. एस. मार्शल व डब्ल्यू. एम. पामर यांच्या नावाने ओळखले जाते आणि ते त्यांच्या १९४८ च्या निबंधातले असल्याचे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. हे काटेकोरपणे बरोबर नाही. मार्शल, लँगिल व पामर यांच्या १९४७ च्या निबंधात ही मूल्ये १९० व १.७२ होती, १९४८ मध्ये ती २२० व १.६० झाली, २०० हा सुटसुटीत गुणांक मार्शल व सहकाऱ्यांच्या १९५५ च्या लेखनात येतो. शिवाय १९४८ च्या निबंधातील थेंबांच्या आकारांचे घातांकी वितरण (कोणत्या व्यासाचे किती थेंब याचे सूत्र) घेऊन सर्व व्यासांची बेरीज केली, तर २९६ व १.४७ अशी मूल्ये मिळतात. म्हणजे ते वितरण आणि त्याच नावाने चालणारे सूत्र एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. हवामानशास्त्रज्ञ लुई बॅटन यांनी १९७३ मध्ये असे ६९ संबंध एकत्र दिले. पावसाच्या प्रकारानुसार थेंबांचे आकार बदलतात, तेव्हा सर्वत्र चालेल असे एक सूत्र शोधण्यापेक्षा पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ताडून सूत्र दुरुस्त करणे अधिक ग्राह्य वाटते. २०० व १.६ धरल्यास ताशी १ मिमी. पावसाला सुमारे २३, १० मिमी. ला ३९ आणि १०० मिमी. ला ५५ डीबीझेड येतात. गारांमुळे आकडा भलताच फुगतो. म्हणून अमेरिकेच्या हवामान रडारांच्या जाळ्यात पर्जन्यदर काढताना सामान्यतः ५३ डीबीझेडच्या वरची मूल्ये ५३ इतकीच धरण्याची प्रथा पडली.

छेदानुसार प्रकार : अँटेना एकाच उन्नतांशावर (क्षितिजापासूनच्या कोनावर) ठेवून वर्तुळाकार फिरवल्यास पीपीआय प्रतिमा मिळते. ती सपाट नकाशासारखी दिसत असली तरी प्रत्यक्षात शंकूचा पृष्ठभाग असते. अर्धा अंश उन्नतांशावरील रडारचा तरंगझोत नेहमीच्या वातावरणात १०० किमी. वर सुमारे दीड किमी. आणि २०० किमी. वर सुमारे ४ किमी. उंचीवर असतो. त्यामुळे नकाशाच्या कडेला दिसणारा पाऊस जमिनीवर पडतच असेल असे नाही. तो वाटेत बाष्प होऊन विरलेला असू शकतो. उलट उथळ ढगांतला पाऊस झोताखाली राहून निसटतो. टॉर्नेडोशी (विध्वंसक चक्रवाती भोवऱ्याशी) निगडित असलेला, गळासारखा वाकडा प्रतिध्वनी अशाच प्रतिमेवर ९ एप्रिल १९५३ रोजी इलिनॉय राज्यातील शँपेन येथे टिपला गेला.

अनेक उन्नतांशांची मापने जोडून ठरावीक उंचीचा छेद काढला की कॅपी प्रतिमा होते. तिचा उगमही मॅगिलमधलाच. प्रत्येक स्तंभातील सर्वोच्च मूल्य दाखवणारी कमाल परावर्तकता प्रतिमा वादळ ठळक करते, परंतु ते मूल्य कोणत्या उंचीवरचे ते सांगत नाही. अँटेना एकाच दिशेत खालीवर केल्यास उभा छेद, म्हणजे आरएचआय, मिळतो. ० अंश से. पातळीच्या किंचित खाली वितळणाऱ्या हिमकणांचा तेजस्वी पट्टा त्यात स्पष्ट दिसतो. पाण्याचे आवरण चढलेले कण बर्फापेक्षा अधिक ऊर्जा परतवतात, हे त्याचे मुख्य कारण. हाच पट्टा पीपीआयवर कड्यासारखा उमटतो आणि मुसळधार पावसाचा भास होतो.

डॉप्लर वेग प्रतिमा : कणांच्या गतीमुळे होणाऱ्या कलाबदलावरून वेग काढतात. तो केवळ रडारच्या दिशेतला, म्हणजे अरीय, घटक असतो. प्रचलित संकेतानुसार हिरव्या छटा रडारकडे येणारी आणि लाल छटा दूर जाणारी गती दाखवतात. वारा झोताशी काटकोनात असेल तेथे वेग शून्य दिसतो. त्यावरून हवा शांत आहे असे समजू नये. लगतच्या दोन झोतांत गडद हिरवा आणि गडद लाल चिकटून आले, तर तेथे भोवरा असण्याची शक्यता असते. कमाल पल्ला (रडारपासूनचे सर्वाधिक अंतर) आणि निःसंदिग्धपणे ओळखता येणारा कमाल वेग यांचा गुणाकार तरंगलांबीने बांधलेला असतो : १० सेंमी. तरंगलांबीला पल्ला १५० किमी. ठेवल्यास सेकंदाला २५ मी. पर्यंतचाच वेग थेट ओळखता येतो, ३ सेंमी. ला अवघा ७.५ मी. त्याहून जोरदार वारा उलट दिशेच्या रंगात उमटतो. म्हणून एका दिशेच्या रंगाच्या मध्यभागी अचानक आलेला विरुद्ध रंग आधी या दृष्टीने तपासावा.

द्विध्रुवण प्रतिमा : आडव्या व उभ्या ध्रुवणांतील परावर्तकतांचा फरक वापरण्याची सूचना सेलिगा व ब्रिंगी या संशोधकांनी १९७६ मध्ये केली. मोठे थेंब पडताना चपटे होतात, त्यामुळे फरक धन येतो. कोलांट्या घेत पडणाऱ्या गारांसाठी तो शून्याजवळ राहतो. दोन्ही प्रतिध्वनींतील सहसंबंध पावसात एकाच्या अगदी जवळ असतो. पक्षी, कीटक, टॉर्नेडोने उडवलेला मलबा यांच्याबाबतीत तो घसरतो. निरभ्र आकाशात दिसणारे प्रतिध्वनी सजीवांचे की हवेच्या अपवर्तनांकातील (तरंग वळवण्याच्या गुणातील) चढउतारांचे, हा जुना वाद होता. दोन्ही घडतात, पण नेहमीच्या रडारवर बहुतांश ठिपके सजीवांचे असतात असे आता मानतात.

उपग्रहांवरील रडार : उष्ण कटिबंधातील पाऊस मोजण्यासाठी १९९७ मध्ये सोडलेल्या टीआरएमएम उपग्रहावर पहिले अवकाशस्थ पर्जन्य रडार होते. असे रडार वरून पाहत असल्याने महासागरांवरील पावसाचा उभा छेद मिळतो. परंतु उपग्रह एका जागेवरून पुढे सरकत जातो. म्हणून जमिनीवरील रडारप्रमाणे दर काही मिनिटांची प्रतिमामालिका त्यापासून मिळत नाही.