केरळचा शिकलेला तरुण राज्याबाहेर का जातो?

केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीचा २०२३-२४ चा अहवाल आला तेव्हा त्यातल्या एका आकड्याची बरीच चर्चा झाली. १५ ते २९ वयोगटात देशातली बेरोजगारी १०.२ टक्के, केरळात मात्र २९.९ टक्के. तरुण मुलींचा आकडा तर ४७.१. साक्षरतेसाठी ज्या राज्याचे दाखले दिले जातात, तिथे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या तरुण मुलींपैकी जवळपास निम्म्या काम नाही म्हणून बसून होत्या.

अशा आकड्यांवरची प्रतिक्रिया ठरलेली असते: लाल झेंडा, ऊठसूट संप, मग कारखाने येणार कुठून आणि पोरं थांबणार कशाला? यात तथ्य आहे. पण केरळचं पहिलं कम्युनिस्ट सरकार आलं १९५७ साली, आणि शिकलेला मल्याळी नोकरीसाठी बाहेर पडायला लागला होता त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी. त्यामुळे सगळं खापर झेंड्यावर फोडून भागत नाही.

सुरुवात करायची तर १८१७ पासून करावी लागते. त्या वर्षी आजच्या केरळच्या दक्षिण भागातल्या त्रावणकोर संस्थानाच्या राणी गौरी पार्वती बाई यांनी फर्मान काढलं, की प्रजेच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा. त्याच वर्षी मिशनऱ्यांनी कोट्टायमला सीएमएस कॉलेजची सुरुवात केली. पुढच्या शंभर वर्षांत संस्थानी शाळा, मिशनच्या शाळा आणि नंतर प्रत्येक जातीसंघटनेच्या शाळा अशी चढाओढच लागली. गावात चर्चची शाळा निघाली की नायरांची निघणार, मग एझवांची. मात्र या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना सामावून घेईल असं काम त्या प्रमाणात उभं राहिलं नाही. अलप्पुळाचा काथ्या, कोल्लमचा काजू, कोळिकोडची कौलं हे केरळचे जुने उद्योग. काजू सोलायला मॅट्रिकचा दाखला लागत नाही. शिकलेल्याने मागायची ती सरकारी नोकरी, आणि तिथे जागा मोजक्या.

त्या मोजक्या जागाही कोणाला मिळायच्या, यावरून १८९१ मध्ये मोठं प्रकरण झालं. त्रावणकोरच्या वरच्या जागांवर बाहेरचे, मुख्यतः तमिळ ब्राह्मण भरले जातात, म्हणून दहा हजारांवर लोकांनी सही करून महाराजांना अर्ज दिला. तो ‘मल्याळी मेमोरियल’ या नावाने ओळखला जातो. सह्या करणाऱ्यांत डॉ. पल्पू हे एझवा समाजातले तरुण डॉक्टर होते. जातीमुळे त्यांना त्रावणकोरात वैद्यकीचा प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी मद्रासला जाऊन शिक्षण पुरं केलं, परत येऊन नोकरी मागितली तर तीही मिळाली नाही. शेवटी म्हैसूर संस्थानाने त्यांना घेतलं. १८९८ मध्ये बंगलोरात प्लेग पसरला तेव्हा तिथे राबणाऱ्या डॉक्टरांत पल्पू होते. बंगलोरला नोकरी करणाऱ्या मल्याळी तरुणाची गोष्ट आयटी कंपन्यांच्या शंभर वर्षं आधी घडून गेलेली आहे. पल्पूंना तर शिक्षणसुद्धा बाहेर घ्यावं लागलं. सरकारचं त्यांच्या समाजाबद्दलचं उत्तर असं होतं, की ही मंडळी शेती, काथ्या आणि ताडी यांतच समाधानी आहेत. पुढे १८९६ मध्ये पल्पूंनीच तेरा हजारांवर एझवांच्या सह्यांचा वेगळा अर्ज केला. एका डॉक्टरला साधी नोकरी न दिल्याचे राजकीय पडसाद त्रावणकोरात पुढे कित्येक दशकं उमटत राहिले.

याच काळात सिलोन, मलाया, सिंगापूर इथल्या मळ्यांना आणि कचेऱ्यांना इंग्रजी लिहिता-वाचता येणारे कारकून हवे होते. त्रावणकोर-कोचीनचे मॅट्रिक पास तरुण तिकडे गेले. उत्तरेचा मलबार ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यात होता आणि तिथे शाळा त्या मानाने कमी होत्या. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे कोण कुठे गेलं हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरलं.

स्वातंत्र्यानंतर सिलोन-मलायाची वाट अरुंद झाली आणि तोंड वळलं मुंबई, दिल्ली, भिलाईकडे. या टप्प्याचं खरं विद्यापीठ म्हणजे टायपिंगची क्लास. बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानाच्या माडीवर दहा-बारा रेमिंग्टन यंत्रं, तासातासाच्या बॅचेस, एका कोपऱ्यात शॉर्टहँडचं श्रुतलेखन चाललेलं. दहावी झालेला मुलगा आणि बऱ्याचदा मुलगीही वर्षभरात टायपिंगची ‘लोअर’, मग ‘हायर’ पास व्हायची, आणि मुंबईतल्या मामाचा नाहीतर गाववाल्याचा पत्ता खिशात घालून गाडीत बसायची. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. तोपर्यंत ही गाडी पालघाट, कोइमतूर, गुंतकल, सोलापूर, पुणे असा वळसा घालून यायची. माटुंग्याच्या एखाद्या खोलीत सहा-आठ जण दाटीवाटीने राहायचे. आधी आलेला स्टेनो आपल्या साहेबाच्या ओळखीने दुसऱ्याला चिकटवून द्यायचा. नोकरीची जाहिरात वर्तमानपत्रात येईपर्यंत जागा भरलेली असायची.

पुढचं मराठी वाचकांना ठाऊक आहे. ‘मार्मिक’मध्ये कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापल्या जायला लागल्या, जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ रस्त्यावर आलं. १८९१ मध्ये त्रावणकोरात मल्याळी भूमिपुत्र बाहेरच्यांविरुद्ध जी तक्रार करत होते, जवळपास तीच पाऊणशे वर्षांनी मुंबईत मल्याळ्यांविरुद्ध झाली. मराठी माणसाचा रोख हॉटेलवाल्यांपेक्षा स्टेनो, कारकून आणि हिशेबनीस यांच्यावर होता, म्हणजे सुशिक्षितांवर. आणि एक गोष्ट आपण सोयीने विसरतो: त्याच मुंबईत रत्नागिरीचा चाकरमानीही गावी मनीऑर्डर करत होता. जिल्ह्यात काम नाही म्हणून माणूस मुंबईला आणि पैसा गावाला, ही रीत दोघांचीही होती. फरक इतकाच, की केरळातून आलेल्याच्या हातात टायपिंगचं सर्टिफिकेट जास्त वेळा असायचं.

नर्सिंगची कथा याला समांतर आहे, पण तिची कारणं निराळी. रक्त, मलमूत्र, परपुरुषाच्या अंगाला हात लावणं यामुळे देशभरच्या सवर्ण घरांतून मुलींना या पेशात पाठवत नसत. मध्य त्रावणकोरच्या सीरियन ख्रिश्चन (केरळातला जुना ख्रिस्ती समाज) घरांना मिशन हॉस्पिटलची सवय होती, मुली शिकलेल्या होत्या, आणि शेतीचे तुकडे पडून हुंड्याचा प्रश्न डोक्यावर बसला होता. त्या नर्स झाल्या. आधी दिल्ली-मुंबईची इस्पितळं, साठच्या दशकात चर्चच्या ओळखीने पश्चिम जर्मनी, १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचं दार उघडल्यावर तिकडे, आणि मग आखात. या मुलींच्या मागून नवरे गेले, मग भावंडं. केरळच्या स्थलांतराची चर्चा नेहमी पुरुषाभोवती फिरते. मला वाटतं, ती चर्चाच अर्धवट आहे.

१९७३ मध्ये तेलाचे भाव चढले आणि आखात खुलं झालं. तिकडे प्रामुख्याने गेला तो मलबारचा कमी शिकलेला तरुण: गवंडी, ड्रायव्हर, दुकानातला नोकर. आखाती पैशाने गावं पालटली. टोलेजंग घरं झाली, जमिनीचे भाव वाढले, मजुरी वाढली. या घरांतली पुढची पिढी इंग्रजी माध्यमात शिकली. ज्याच्या पासपोर्टवर, दहावी न झाल्यामुळे, परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी घेण्याचा शिक्का होता, त्याने ठरवलं की पोराच्या पासपोर्टवर तो शिक्का नको. मलबार शिक्षणात त्रावणकोरला गाठू लागला तो असा.

पैसा आला, मग उद्योग का आले नाहीत? पाठवलेला पैसा घरं, सोनं, लग्नं, शिक्षण आणि बँकेतल्या ठेवी यांत गेला. इथे जमीन मुळात तुटपुंजी: २०११ मध्ये देशात चौरस किलोमीटरला ३८२ माणसं होती, तर केरळात ८६०. मोठा कारखाना काढायला सलग जागा मिळणं कठीण. आणि हो, संघटनांचा जाचही होताच. माल न उचलता नुसतं उभं राहून हमाली मागायची ‘नोक्कुकूली’ इतकी पक्की रुळली होती, की २०१८ मध्ये सरकारला ती संपवण्याची घोषणा करावी लागली. पण त्याच संघटनांनी आणि भूसुधारणांनी मजुराला जे दिलं तेही बघायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३ च्या आकड्यांत केरळच्या ग्रामीण भागातला बांधकाम मजूर दिवसाला साडेआठशेच्या आसपास कमावतो, तर देशाची सरासरी चारशेच्या आत आहे. म्हणून बंगाल, आसाम, ओडिशाचे लाखो मजूर इथे येतात. म्हणजे केरळात काम नाही असं नव्हे. ज्याला पदवी आहे त्याला पदवीजोगं काम नाही, आणि घरचं पाठबळ असल्याने तो चांगल्या नोकरीची वाट पाहत थांबू शकतो. बेरोजगारीचा आकडा फुगतो त्यात हेही एक कारण आहे.

नव्वदच्या दशकात दोन गोष्टी झाल्या. तिरुवनंतपुरमला १९९० मध्ये टेक्नोपार्क हे आयटी कंपन्यांचं संकुल निघालं, देशातलं पहिलंच, पण कंपन्यांचा ओघ बंगलोरकडे राहिला. आणि इंजिनिअरिंगच्या जागा अपुऱ्या म्हणून मुलं कर्नाटक-तमिळनाडूत देणगी भरून शिकायला लागली. आपल्याकडे वसंतदादा पाटलांनी १९८३ मध्येच विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट करून दिली होती. केरळात ते धोरण ए. के. अँटनी सरकारने २००१ मध्ये आणलं, तोवर मुलांना आणि त्यांच्या बापांना बाहेरची सवय लागलेली होती. मग कॉलेजं इतकी झाली की पुढे जागा रिकाम्या पडायला लागल्या.

केरळातच राहिलेल्या नर्सेसचं काय झालं तेही सांगायला हवं. खासगी रुग्णालयांत पगार इतके कमी होते, की लांबलेल्या आंदोलनांनंतर २०१८ मध्ये सरकारने किमान मूळ वेतन २०,००० रुपये ठरवलं. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये काय मिळतं हे त्या मुलीला चुलतबहिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून ठाऊक असतं. त्यामुळे टायपिंगच्या क्लासची जागा आता ओईटी (परदेशी नर्सिंगसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा) आणि जर्मन भाषेच्या बी-टू लेव्हलच्या क्लासने घेतली आहे. कोट्टायम किंवा अंगमालीच्या रस्त्यावरचे फलक वाचत गेलं, तर केरळ आज कोणत्या देशाकडे निघालाय ते कळतं.

सर्वांत अलीकडचा बदल असा, की आता नोकरीआधीच मुलं निघतात. केरळ स्थलांतर पाहणीनुसार २०१८ मध्ये परदेशी शिकणारे विद्यार्थी सुमारे १ लाख ३० हजार होते, २०२३ मध्ये ते अडीच लाखांच्या घरात गेले. एकूण परदेशस्थ मात्र २२ लाखांच्या आसपास, फारसे न वाढलेले. म्हणजे बापाने आखातातून पाठवलेल्या पैशाचा ओघ आता उलटा फिरून फीच्या रूपाने कॅनडा-ब्रिटनला जातो आहे. या मुलांपैकी कित्येकांच्या गावी घराला कुलूप आहे. २०११ च्या जनगणनेतच राज्यात दहा लाखांहून अधिक घरं रिकामी नोंदली गेली होती.

हा ओघ अडवायला म्हणून २५ मार्च २०२५ रोजी केरळ विधानसभेने खासगी विद्यापीठांना परवानगी देणारं विधेयक मंजूर केलं. ते आणलं डाव्या आघाडीच्या सरकारने. नोव्हेंबर १९९४ मध्ये कूत्तुपरंबला शिक्षणाच्या खासगीकरणाविरुद्ध निदर्शनं करताना पोलिसांच्या गोळीबारात पाच तरुण मेले होते, ते याच आघाडीतल्या मुख्य पक्षाच्या, माकपच्या, युवक संघटनेचे. विधेयकामुळे कॉलेजच्या जागा वाढतील. पदवीनंतरच्या नोकरीबद्दल त्यात काही नाही.