रुग्णालयीन चित्तविकृतिरोधक औषधयोजना (बडोदे)

छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), तीव्र उन्माद व तत्सम विकारांत दाखल रुग्णाला कोणते औषध, किती मात्रेत, एकटे की जोडीने दिले जाते, त्याची रीत. व्यवहारात या औषधांना अँटिसायकॉटिक म्हणतात. बडोद्यात कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालय (सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीतील, स्थापना बहुधा १८९८) व सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग ही अशा उपचाराची ठिकाणे होत.

उगम : इतिहास सहसा क्लोरप्रोमाझीन या औषधापासून सांगतात : संश्लेषण डिसेंबर १९५०, पॅरिसमध्ये दले व देनिकेर या मनोविकारतज्ज्ञांचा वापर १९५२. सर्पगंधा या देशी वनौषधीचा दावा मात्र त्याहून जुना आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड व रक्तदाब यांवरील तिच्या गुणाविषयी लिहिले. तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले. अहमदाबादचे आर. ए. हकीम यांचा मनोविकारांतील देशी औषधांवरचा निबंध १९५३ च्या सुमारास बडोद्यातीलच प्रांतिक वैद्यक परिषदेत सादर झाल्याचा उल्लेख मिळतो. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी रेसर्पीनचे अनुभव १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही उगम समांतर मानावेत, हे मत अधिक ग्राह्य दिसते. बडोद्याचा हा धागा पाश्चात्त्य कथनात सहसा गळतो, ही खेदाची गोष्ट आहे. रेसर्पीन नंतर मागे पडले.

मात्रामापन : केसपेपरवर ‘हॅलोपेरिडॉल ५ मिग्रॅ., १-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. दिवसाचे १० मिग्रॅ. त्याखालीच ‘ओलान्झापीन १० मिग्रॅ., ०-०-१’ असेल तर एकूण भार किती? १०० मिग्रॅ. क्लोरप्रोमाझीनला हॅलोपेरिडॉल सुमारे २ व ओलान्झापीन सुमारे ५ मिग्रॅ. समतुल्य धरल्यास तो ५०० अधिक २००, म्हणजे ७०० मिग्रॅ. होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित दैनिक मात्रेने (हॅलोपेरिडॉल ८, ओलान्झापीन १० मिग्रॅ.) तीच चिठ्ठी २.२५ मात्रांची ठरते. दुसरे माप साठा व खप मोजण्यासाठी आहे, रुग्णाची मात्रा ठरवण्यासाठी नव्हे. दोन्हींची सरमिसळ झाली की रुग्णालयांची तुलना फसते.

रीत : एका वेळी एकच औषध, ही सर्वमान्य शिफारस. जोडी बरेचदा औषध बदलताना लागते आणि जुने बंद करायचे राहून गेल्याने टिकते. दोन औषधांनी पुरेशा मात्रेत व मुदतीत गुण न आल्यास क्लोझापीन. ते रक्तातील श्वेतपेशी घटवू शकते, म्हणून त्यांची नियमित मोजणी आवश्यक. ट्रायहेक्सिफेनिडिल (कंप, ताठरता या दुष्परिणामांवरचे औषध) सरसकट देऊ नये, तरी ते सवयीने लिहिले जाते.

दुष्परिणाम ओळखण्यात भाषेचा वाटा मोठा आहे. बडोद्यातील मराठी घरातली आई ‘त्याला आतून चैनच पडत नाही हो, सारखा येरझाऱ्या घालतो’ असे सांगते, तेव्हा तो आजाराचा जोर असेलच असे नाही; औषधाने येणारी अकाथिसिया (स्वस्थ बसू न देणारी आतली तळमळ) ही तशीच दिसते. चूक झाली तर मात्रा वाढते आणि तळमळही वाढते. अशा वेळी मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हा पहिला उपाय असतो.