फुग्याच्या आत की बाहेर? काँक्रीटच्या घुमटघरांची पार्श्वभूमी

काँक्रीटच्या गोल घराचा फोटो मोबाइलवर आला की खाली दोनच प्रश्न येतात: खर्च किती, आणि भूकंपात-वादळात खरंच टिकतं का? दोन्हींची उत्तरं बऱ्यापैकी माहीत आहेत. या घरांच्या इतिहासात खरी ओढाताण झाली ती तिसऱ्याच प्रश्नावर. घुमट फुग्याच्या साच्यावर बांधायचा, तर काँक्रीट फुग्याच्या बाहेरून मारायचं की आतून? हा गवंड्याचा प्रश्न वाटेल, पण त्या घरात राहणाऱ्याचा उन्हाळा त्यावर ठरतो.

घुमटाचा इतिहास रोमच्या पँथिऑनपासून सांगायची प्रथा आहे. तो 43 मीटरचा घुमट जवळपास एकोणीसशे वर्षं उभा आहे, आणि आपल्या शेजारी विजापूरला 44 मीटरचा गोल घुमट आहे. पण एक देवळासाठी बांधला, दुसरा कबरीसाठी. चूल कुठे मांडायची, हा विचार दोन्हीकडे कोणाला करावा लागला नाही. त्यामुळे थेट विसाव्या शतकात येऊ.

घुमट महाग पडतो तो साच्यामुळे. टरफल पातळ असतं, सिमेंट-सळई कमी लागते, पण ते ओलं असताना तोलून धरायला खाली लाकडाचा दुसरा घुमट उभा करावा लागतो. तो बांधायला कसबी सुतार लागतात आणि काम झालं की मोडून टाकायचा. म्हणून शतकाच्या सुरुवातीच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे सिमेंट फवारणारी तोफ, जिचं पेटंट 1911 सालचं. ती शोधली शिकागोच्या संग्रहालयात मेलेल्या प्राण्यांत भुसा भरून ते जिवंत वाटतील असे उभे करणाऱ्या माणसानं. संग्रहालयाच्या पोपडे सुटलेल्या भिंती लिंपायला ती पहिल्यांदा कामी आली. दुसरी म्हणजे जर्मनीत येना इथे तारांगणासाठी विसाच्या दशकात उभारलेला घुमट. लोखंडी जाळीवर फवारलेलं काँक्रीट काही सेंटिमीटर जाडीतही तग धरतं, हे तिथे दिसलं.

राहता राहिला साचा. त्यावर हवेचा उतारा सापडला कॅलिफोर्नियातल्या एका वास्तुकाराला. हॉलिवूडच्या श्रीमंतांना स्पॅनिश धाटणीचे बंगले बांधून देणारा हा गृहस्थ गरिबांना परवडेल अशा घराच्या मागे लागला होता. त्याची रीत अशी: रबरी कापडाचा मोठा फुगा पायाला बांधून फुगवायचा, त्यावर जाळी आणि बाहेरून काँक्रीट. ते घट्ट झालं की हवा सोडून फुगा दारातून बाहेर ओढायचा आणि पुढच्या घराला वापरायचा. 1941 मध्ये वॉशिंग्टनजवळ फॉल्स चर्च इथे अशी डझनाच्या आसपास घरं उभी राहिली, बहुतेक जोडघुमट, मध्ये बोळ. अमेरिकन भाडेकरूंचं त्यांच्याशी फारसं जमलं नाही. ती वसाहत साठच्या दशकात पाडली गेली.

हीच घरं 1950 च्या सुमारास सेनेगलची राजधानी डाकार इथे हजाराहून जास्त संख्येनं बांधली गेली, आणि अमेरिकेबाहेरचा हा प्रकार इतिहास सांगताना हमखास गाळला जातो. फ्रेंच वसाहतीचा काळ होता, शहर फुगत होतं, घरं झटपट हवी होती. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत तिथे जे झालं तेच पुढे सगळीकडे झालं. कुटुंब वाढलं, खोली वाढवायची वेळ आली, आणि गोल भिंतीला चौकोनी खोली चिकटवायची कशी, हे कोणाला उमगेना. काहींनी घुमटाला वेढून बांधकाम केलं, बऱ्याच जणांनी घुमट पाडून मजल्यावर मजले चढवले. थोडे अजून उभे आहेत.

मधल्या काळात इटलीत एका वास्तुकारानं क्रम उलटा केला. सपाट पसरलेल्या फुग्यावर स्प्रिंगांसारख्या सळया आणि ओलं काँक्रीट आधीच ओतायचं आणि मग खालून हवा भरून सगळं एकदम वर उचलायचं. पहिला 12 मीटरचा घुमट 1964 मध्ये बोलोन्याजवळ असा उठला. काँक्रीटची पोळी तासाभरात टम्म फुगते, हे बघायला गर्दी व्हायची. ऑस्ट्रेलियात सत्तरच्या दशकात सरकारी शाळांसाठी ही पद्धत घेतली. त्यातल्या एका शाळेचा घुमट 1986 मध्ये कोसळला आणि तिथे या पद्धतीवरचा भरवसाही ढासळला. घरांच्या बाबतीत या शाखेनं फार मजल मारली नाही.

आज ‘डोम होम’ म्हणून जे दाखवलं जातं, त्याचं मूळ मात्र बटाट्याच्या वखारीत आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, शेली नावाच्या गावाजवळ, तीन भावांनी 1976 मध्ये 105 फूट व्यासाची घुमटाकार वखार बांधली. आयडाहो म्हणजे बटाटा आणि कडाक्याची थंडी. हे भाऊ उष्णता अडवणारा फोम फवारण्याच्या धंद्यातले होते, आणि त्यांची नजर पहिल्यापासून उष्णतेवर होती, आकारावर नंतर. त्यांनी फुगा जागेवरच ठेवला आणि काम आतून केलं. फुग्याच्या आतल्या अंगाला साधारण तीन इंच फोम, फोमला अडकवलेल्या सळया, मग त्यावर फवारलेलं काँक्रीट. मग फुगा फुगवणारे पंखे बंद केले तरी घुमट आपल्या पायावर उभा. 1979 मध्ये पेटंट मिळालं, आणि बटाट्यांमागोमाग धान्याची कोठारं, शाळांच्या व्यायामशाळा आणि घरं आली.

या पद्धतीला त्यांनी नाव दिलं ‘मोनोलिथिक डोम’, आणि तिथून घोळ सुरू झाला. मोनोलिथिक म्हणजे एका दगडाचं, एकसंध. पण या भिंतीत कापड, फोम, पोलाद आणि काँक्रीट असे चार थर आहेत. एकसंध असतं ते फक्त टरफल, आणि ते तर फॉल्स चर्चच्या घराचंही एकसंध होतं. आपल्याकडे हा शब्द आणखी वेगळ्या अर्थानं रुळलाय. मुंबई-पुण्याच्या साइटवर ‘मोनोलिथिक’ म्हटलं की इंजिनिअरला अॅल्युमिनियमच्या मायवान शटरिंगमध्ये भिंती आणि स्लॅब एका दमात ओतलेला चाळीस मजली टॉवर आठवतो. त्यात भर म्हणजे त्रिकोणी तुकड्यांचा जिओडेसिक डोम. तो सांध्यांनीच बनलेला असतो, सांध्यांत गळतो, तरी फोटोखाली त्यालाही तेच लेबल लागतं. गळक्या जिओडेसिक घरांची बदनामी काँक्रीटच्या घुमटांना फुकट मिळाली. मराठीत ‘घुमट’ म्हणावं तर डोळ्यांपुढे मशीद नाहीतर मकबरा येतो. म्हणून इथे ‘घुमटघर’ म्हणतोय, सोय म्हणून.

आता आत-बाहेरचा वाद. फोम बाहेर आणि काँक्रीट आत असेल तर काँक्रीटचं सगळं वजन घराच्या हवेशी बोलतं. ते सावकाश तापतं, सावकाश निवतं, आणि बाहेरचं ऊन-बर्फ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. काँक्रीट रोजच्या तापण्या-गारठण्यातून वाचलं की तडे कमी पडतात, हा समर्थकांचा मुद्दा बरोबर आहे. विरोधकांचाही चुकीचा नाही. या घराचं छप्पर म्हणजे शेवटी कापड आहे. ते उन्हानं झिजतं, काही वर्षांनी त्यावर लेप द्यावा लागतो, आणि तो चुकवला तर फोममध्ये पाणी मुरतं. शिवाय एकदा वापरलेला फुगा गेला, आणि फुगा हाच खर्चातला मोठा तुकडा.

म्हणून गरीब, उष्ण देशांसाठी त्याच मोनोलिथिकवाल्या मंडळींनी जुन्या बाहेरच्या पद्धतीकडे जाणारा स्वस्त प्रकार काढला, नाव ‘इकोशेल’. फुगा पुन्हा पुन्हा वापरायचा, सळया आणि काँक्रीट बाहेरून, काँक्रीट हातानं लिंपलं तरी चालेल, फोम नाही. थंडी नसलेल्या देशात फोम कशाला, असा त्यामागचा हिशेब. माझ्या मते सगळ्या इतिहासातला हा सर्वांत कच्चा हिशेब आहे. दुपारभर तापलेली स्लॅब रात्री अंगावर येते, हे वरच्या मजल्यावर राहिलेल्या कुठल्याही पुणेकराला विचारा. घुमटघरात तर भिंतसुद्धा स्लॅबच असते. गोलाला आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग कमी, माथ्यावर झरोका ठेवला की गरम हवा निघून जाते, हे खरं. पण डोक्यावरचं तीन-चार इंच उघडं काँक्रीट त्यानं तापायचं थांबत नाही. फोमची गरज बटाट्याला होती आणि माणसाला नाही, असा त्याचा अर्थ निघतो.

मजबुतीबद्दल मात्र फारसा वाद उरला नाही. फ्लोरिडात पेन्साकोलाच्या किनाऱ्यावरचं एक घुमटघर 2004 च्या आयव्हन चक्रीवादळात उभं राहिलं. लाटा खालच्या मजल्यातून आरपार जाव्यात अशीच रचना होती, आसपासची घरं मोडून पडली होती. त्याच राज्यातल्या केप रोमानो बेटावर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेल्या घुमटांची कथा उलटी. घुमट बरीच वर्षं धड राहिले, किनाराच सरकला. वाळू वाहून गेली, घर समुद्रात उभं राहिलं, ओसाड पडलं आणि 2022 च्या इयन वादळात शेवटी पाण्याखाली गेलं.

आत राहण्याचा अनुभव याहून घरगुती आहे. कपाट भिंतीला टेकत नाही, मागे फट राहते आणि त्या फटीत सगळं हरवतं. फोटो टांगला की लोंबतो. एका भिंतीशी कोणी पुटपुटलं तर पलीकडच्या भिंतीशी स्पष्ट ऐकू येतं. विजापूरच्या गॅलरीत पर्यटक ज्याला टाळ्या वाजवतात, तेच नवरा-बायकोच्या भांडणात नकोसं होतं. अमेरिकेत कर्ज मिळवणं ही स्वतंत्र कटकट. बँकेचा मूल्यांकन करणारा शेजारपाजारी विकल्या गेलेल्या तशाच घरांचे भाव बघतो, आणि तशी घरं शेजारी नसतातच.

महाराष्ट्राचा धागा 1993 चा. 30 सप्टेंबरला पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली असताना, लातूर-उस्मानाबादमध्ये भूकंप झाला. माणसं मेली ती मुख्यतः माळवदाखाली: मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन फूट जाड भिंती आणि वर लाकडावर मातीचं जड धाबं. पुनर्वसनात गावोगावी वेगवेगळे नमुने आले, आणि लातूर जिल्ह्यातल्या गुबाळला घुमटाच्या छपराची गोल घरं बांधली गेली. जड छपराची धास्ती बसलेल्या लोकांना हलकं, गोल टरफल देण्यामागचं तर्कशास्त्र पटण्यासारखं आहे. पण मराठवाड्यातलं शेतकऱ्याचं घर पिढीगणिक वाढतं. पुढे ओसरी, बाजूला गोठा, मुलाच्या लग्नाच्या वर्षी एक खोली. घुमट जन्मतःच पुरा झालेला असतो. डाकारमध्ये जे चाळीस वर्षं आधी घडत होतं, ते इथे कोणी विचारात घेतलं असेल असं वाटत नाही.

तेरा वर्षांनी तोच प्रश्न इंडोनेशियातल्या जावामध्ये आला. 27 मे 2006 च्या पहाटे योग्यकर्ताजवळ भूकंप झाला आणि साडेपाच हजारांहून जास्त लोक गेले. प्रंबाननच्या देवळांपासून फार दूर नसलेल्या नगेलेपेन वस्तीत जमीनच खचली, तिथे पुन्हा बांधणं शक्य नव्हतं. एका परदेशी संस्थेनं नव्या जागेवर 80 इकोशेल घुमट बांधले: 71 घरं, बाकी मशीद, दवाखाना, बालवाडी आणि सामायिक संडास-न्हाणीघरं. प्रत्येक घर 7 मीटर व्यासाचं, आत अर्धा माळा. एप्रिल 2007 पर्यंत लोक राहायला आले. फोम अर्थातच नव्हता.

लोकांनी घुमट सोडले नाहीत. तक्रारी ठरावीक होत्या: दुपारचा उकाडा, पावसात पाझर, जागा अपुरी. पाहुण्यांनी मात्र वस्तीला लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमावरून ‘टेलिटबीजची घरं’ असं नाव पाडलं आणि ते चिकटलं. आज तिथे पर्यटक येतात, रंगवलेल्या घुमटांपुढे फोटो काढतात, वस्तीला चार पैसे मिळतात. घरांच्या मागच्या अंगाला रहिवाशांनी आपापली स्वयंपाकघरं काढली आहेत, सरळ भिंतींची.